न बोलता मंत्र म्हणायच्या अंगठीचा भाव

माझ्या मित्राचा आवाज बसला तेव्हा आम्ही सगळ्यांनी आधी मिरचीला दोष दिला. तो मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एका आडत्याकडे लिलाव पुकारायचा. मालाच्या ढिगापुढे उभं राहून, व्यापाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत भाव चढवत न्यायचा. त्याच्या आवाजाला लोक ओळखायचे, चेहऱ्याला नंतर. मिरचीचं पोतं फुटलं की मोंढ्यात सगळ्यांचेच घसे धरतात, त्यामुळे पहिला महिना कोणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या महिन्यात घसा तसाच राहिला. तिसऱ्या महिन्यात तो मधेच खाकरून, थांबून, दोन दमांत आकडा म्हणायला लागला, तेव्हा मला ते मिरचीचं वाटेना.

मी मुळातच धास्तीखोर माणूस. दहावीच्या गणिताचे क्लास घ्यायचो, जुना जालन्यात एका कापडदुकानाच्या वरच्या खोलीत. क्लास सुटल्यावर कुलूप लावून जिना उतरायचो आणि परत वर जाऊन ते ओढून बघायचो. माझी धाकटी बहीण खाली एसटीडी बूथ चालवायची. ती म्हणायची, "दादा, चोर न्हाई तोडणार ते कुलूप, तूच तोडशील ओढू ओढू." घरात माझी थट्टा करायचा मक्ता तिच्याकडे होता.

दर रविवारी दुपारी, क्लासच्या बाकांवरच, आम्ही चौघं एक खेळ खेळायचो. सन दोन हजारच्या आगेमागे जालन्यात हा खेळ दुसरं कोणी खेळत असेल असं मला वाटत नाही. आमच्यातला चौथा जण एका दवाखान्यात कंपाउंडर होता. त्याचा चुलतभाऊ हैदराबादला शिकायला होता, त्यानं हॉस्टेलमधून या खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स आणली होती, स्पायरल बाइंडिंग केलेली. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. तू अंधाऱ्या भुयारात आहेस, समोर तीन वाटा आहेत, आता काय करतोस? त्यानं सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. पुस्तक इंग्रजीत, खेळ आमच्या बोलीत. गोष्ट मी चालवायचो, कारण मला इंग्रजी त्यातल्या त्यात बरं येत होतं. कंपाउंडर तलवारबाज, बहीण चोर, आणि माझा मित्र मांत्रिक.

मांत्रिकाचे मंत्र खरं तर म्हणून दाखवायची गरज नसते. "मी आगीचा मंत्र टाकतो" एवढं सांगितलं तरी भागतं. पण हा लिलावाचा गडी, तो उभा राहायचा, हात वर करायचा आणि अगम्य काहीतरी असं पुकारायचा की खालून कापडवाला शेठ जिन्यातून डोकावून बघायचा. आम्ही खेळ खेळायचो त्यातला अर्धा खेळ म्हणजे त्याचा आवाज होता.

तो आवाज बसल्यावर त्याचा मांत्रिक खालच्या पट्टीत बोलायला लागला. एका रविवारी खेळ संपल्यावर कंपाउंडरनं मला जिन्यात गाठलं.

"मास्तर, आमच्या डॉक्टरसाहेबांनी त्याला बघितलं. ते बोलले, तीन महिने घसा बसला तर नळी टाकून बघावंच लागतं. औरंगाबादला. गाठबीठ असू शकते."

"मग? जाणार कधी?"

"तो बोलला, सीझन होऊ दे. घरी पण सांगितलं न्हाई त्यानं. मला बोलला, कोणाला सांगू नको. आता मी तुम्हाला सांगून राह्यलो. तुम्ही बोला ना यार, तुमचं ऐकतो तो."

मी बोलतो म्हणालो. बोललो नाही. रोज संध्याकाळी ठरवायचो आणि रोज सकाळी वाटायचं, आपण विचारलं आणि तो "हो" म्हणाला तर? मग ती गाठ खरी होईल. न विचारलेली गाठ अजून कुठंतरी अधांतरी होती. मोठ्या माणसानं असा विचार करू नये हे मला कळत होतं, पण मी केला, आणि त्यात पंधरा दिवस घालवले.

त्या पंधरा दिवसांतच, पुढच्या रविवारच्या खेळात, आमच्या टोळीवर एक प्रसंग गुदरला. शत्रूंनी मांत्रिकाला पकडून त्याच्या तोंडात बोळा कोंबला. मंत्र म्हणायला तोंड लागतं, आणि तोंड बांधलं की मांत्रिक म्हणजे झब्बा घातलेला एक सामान्य इसम. सगळेच मरायला टेकले होते. बहिणीच्या चोरानं कसाबसा बोळा सोडवला म्हणून वाचले. खेळ आटपल्यावर माझा मित्र फासे गोळा करता करता म्हणाला, "मास्तर, मला एक अंगठी बनवून पाह्यजे."

"कसली?"

"बोलायची गरजच न्हाई पडली पाह्यजे. मनात म्हणलं की मंत्र लागला पाह्यजे. काय भाव पडंल ते काढ. बराबर काढ, मैत्रीखात्यात न्हाई."

हे तो घोगऱ्या आवाजात बोलला. बहिणीनं माझ्याकडं बघितलं; कंपाउंडरनं सांगितलेलं एव्हाना तिलाही कळलं होतं. मी पुस्तक उघडून त्यात डोकं घातलं.

पुस्तकात तयार जादूच्या वस्तूंची यादी होती, भावासकट, सोन्याच्या मोहरांत. पण आपल्या मनासारखी वस्तू घडवून घ्यायची तर भाव कसा काढायचा, ते पान आमच्या झेरॉक्समध्ये नव्हतंच. एका पानावर तो विषय सुरू होत होता आणि पुढच्या पानावर एकदम घोड्यांच्या जाती. झेरॉक्सवाल्यानं दोन पानं चिकटून उलटली असणार. मी गणिताचा मास्तर. म्हटलं, यादीतल्या भावांवरून सूत्र उलटं काढू.

तो आठवडा मी वर्गात फळ्यावर समीकरणं सोडवत होतो आणि मनात अंगठी. यादी बघता बघता एक गोष्ट लक्षात आली, वस्तूची ताकद दुप्पट झाली की भाव दुप्पट होत नाही, चौपट होतो. दिवसातून एकदा चालणारी वस्तू स्वस्त, कायम चालणारी महाग. आणि मांत्रिकाची वस्तू सगळ्यांत अवघड. तलवारबाजाला चांगली तलवार दिली तर एक तलवार चांगली होते. मांत्रिकाला एक गोष्ट दिली की त्याच्या सगळ्याच मंत्रांना तिचा गुणाकार लागतो. शिवाय तोंड बांधता येणं हीच त्याला आवरायची एकुलती एक जागा. ती अंगठी म्हणजे तीच जागा बुजवणं. कसंही मांडलं तरी उत्तर चाळीस हजारांच्या खाली येईना. आणि त्याच्या मांत्रिकाकडं होत्या अकरा हजार मोहरा.

मी तीन वेगळ्या रीतींनी ताळा करून बघितला. खरं सांगायचं तर उत्तर चुकावं म्हणून बघितला. चाळीस हजार सांगितले तर तो म्हणेल, मास्तर, तू मला अंगठी देऊन नाही राह्यला. कमी सांगितले तर बाकीचे दोघं म्हणतील, त्याला का सवलत? तेही मी निभावून नेलं असतं. खरी भीती तिसरीच होती. त्याला ती अंगठी स्वस्तात देणं म्हणजे, तुझा आवाज जाणार आहे हे मी मान्य केलं, असं तोंडावर सांगणं. ज्या माणसाला मी "दवाखान्यात चल" म्हणू शकलो नव्हतो त्याला मी हे कसं सांगणार होतो? जेवताना घास हातात धरून बसलो होतो, तेव्हा आई म्हणाली, पोरांचे पेपर इतके वाईट आलेत का रे.

रविवारी कंपाउंडर आधी आला. "फुकट देऊन टाका यार," तो म्हणाला. "कागदावरच्या मोहरा. कोणाच्या बापाचं काय जातं?" बहीण म्हणाली, "फुकट दिली तर तो घेणार न्हाई. त्याचा स्वभाव माहीत न्हाई का तुम्हाला?" दोघांचंही बरोबर होतं, म्हणून मी दोघांवरही चिडलो.

मित्र आला तो खिशातून मोठा रुमाल काढूनच. त्याचे वडील मंठ्याच्या बाजारात बैलांचे दलाल होते. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हातात हात घालतात आणि बोटं धरून आकडा सांगतात. भोवती गर्दी असली तरी सौदा दोघांतच राहतो.

"सगळ्यांसमोर भाव कराया मला जमणार न्हाई, घसा साथ देऊन न्हाई राह्यला," तो हसत म्हणाला. "रुमालाखाली करू. एक बोट म्हणजे दहा हजार. तू मालक, मी गिऱ्हाईक."

बाकावर रुमाल अंथरला. मी त्याखाली हात घातला. त्याचा हात गार होता आणि ओलसर. मला एकदम जाणवलं की हा भीत आहे, आणि आपण दोघं एकाच गोष्टीला भीत आहोत. त्यानं माझं एक बोट धरलं. दहा हजार. रीत अशी की मी आता चार बोटं धरायची, त्यानं फार तर दीड म्हणायचं, मी साडेतीन, असं करत कुठंतरी मधे भेटायचं. चार बोटं धरायची हे मी आठवडाभर घोकलं होतं. पण तो गार हात हातात होता आणि माझ्यानं ते झालं नाही. मी त्याचं एकच बोट धरलं आणि हात सैल सोडला.

त्यानं हात काढून घेतला. रुमाल तसाच पडून राहिला.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "महागाच्या मालाला मालक पहिल्याच हाताला दहा म्हणत न्हाई. म्हणला तर समजायचं त्याला काहीतरी माहीत हाये. बैलबाजारात शेंबडं पोरगंबी वळखतं हे. तुला काय माहीत हाये?"

मी कंपाउंडरकडं बघितलं, आणि तेवढं बघणं पुरलं.

"हां," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही सगळे मागं बोलून राह्यले माझ्या." त्यानं रुमाल घडी करून खिशात घातला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं, पण ओरडायला त्याच्याकडं आवाज नव्हता. तो जिना उतरून गेला. कंपाउंडर खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. बहीण फासे डबीत भरत म्हणाली, "दादा, तू त्याला भाव न्हाई सांगितला. रिपोर्ट सांगितला."

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. तिघांत खेळ काही रंगेना. मी भुयारं सांगायचो आणि ते दोघं मुकाट्यानं त्यात शिरायचे. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि त्यात माझी लाजही होती. सगळं माहीत असून मी पंधरा दिवस गप्प बसलो, आणि जेव्हा सांगितलं तेव्हा रुमालाखाली, तेही कीव करून. शेवटी एका सकाळी क्लासला सुट्टी देऊन मोंढ्यात गेलो.

तुरीचा लिलाव चालू होता. पुकारणारा दुसराच होता, कोवळ्या आवाजाचा, घाई करणारा. माझा मित्र वजनकाट्याजवळ पोत्यावर बसला होता, हातात वही. मला बघून उठला नाही, पण थोडा सरकला. मी शेजारी बसलो. ढिगापुढची गर्दी हलली. मग तो म्हणाला, "च्या पिऊ."

टपरीवर चहा आल्यावर मी तो फुंकत बसलो नाही, कारण फुंकत बसलो असतो तर परत गप्प राहिलो असतो.

"अंगठी चाळीस हजाराची हाये," मी म्हणालो. "तीनदा हिशेब करून बघितलाय. एक मोहर कमी होणार न्हाई. त्या दिवशी माझं चुकलं."

तो माझ्याकडं वळला. "आन माझ्याकडं अकरा. चाळीस कव्हा व्हायचे?"

"दर रविवारी आलास तर दीड वर्ष. कदाचित दोन."

"मास्तर, तेवढे रविवार हायेत का?"

हे त्यानं इतक्या साध्या सुरात विचारलं की मला वाटलं, हा गेले तीन महिने स्वतःला हेच विचारत असणार.

"मला न्हाई माहीत," मी म्हणालो. "औरंगाबादला गेलं तरच कळंल. मी येतो संगं. उद्याच जाऊ."

त्यानं चहा संपवला. पेला ठेवला, मोंढ्याकडं बघितलं. तिथं तो पोरगा एका ढिगावर घाईनं सौदा उरकत होता. "कमी भावात सोडला त्यानं," तो पुटपुटला. "शेतकऱ्याचं नुकसान केलं." मग उठला. "शेठला सांगून येतो. आन घरीबी सांगावं लागंल."

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही चार खेपा केल्या. नळी टाकून बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, मग आठ दिवस निकालाची वाट. ते आठ दिवस मी कसे काढले ते मला सांगता येत नाही. कुलूप ओढून बघायची सवय वाढली, एवढं बहिणीनं नंतर सांगितलं. निकालाच्या दिवशी त्याची बायको, तो आणि मी डॉक्टरांसमोर बसलो होतो. गाठ होती. पसरलेली नव्हती. जीव वाचेल, डॉक्टर म्हणाले, पण स्वरयंत्र काढावं लागेल, सगळंच. मग कागद उलटत ते सहज म्हणाले, "महिना-दीड महिना आधी आला असता तर कदाचित थोडं वाचवता आलं असतं." त्यांनी ते कोणाला दोष देण्यासाठी म्हटलं नव्हतं. पण त्या दीड महिन्यातले पंधरा दिवस माझे होते. आजही कोणी एखादी गोष्ट "नंतर सांगतो" म्हणालं की मला ते पंधरा दिवस आठवतात.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो होतो. त्याची बायको आत सामान लावत होती, कंपाउंडर डबा आणायला गेला होता. मला वाटत होतं, या माणसाचा हा आवाज उद्यापासून असणार नाही, तर काहीतरी महत्त्वाचं बोलावं. आणि सुचत काहीच नव्हतं. मीच मूर्खासारखं म्हणालो, "तू बरा हो. अंगठीचं मी बघतो. आता कोणी काही म्हणणार न्हाई."

"अंगठी नको," तो म्हणाला.

मला वाटलं त्यानं आशा सोडली. "अरे, नको कशी? खेळायचं न्हाई का तुला?"

"खेळायचं हाये. दर रविवारी येणार हाये." घोगऱ्या, तुटक आवाजात, मधे थुंकी गिळत तो बोलत होता. "मुकं मला राह्यचंय मास्तर, त्याला कशाला मुकं ठिवता? त्याला बोलू दे. कोणी बोळा घातला तर घालू दे. पण बोलू दे."

मी हो म्हणालो. त्या दिवशी तो त्याच्या पोरांविषयी बोलला, मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्याची नक्कल केली, बायकोला हाक मारून उगाच पाणी मागवलं. मी ते सगळं ऐकलं, पण लक्षात ठेवायच्या धास्तीनं इतका घट्ट ऐकत बसलो की त्यातलं निम्मं आज आठवत नाही.

अडीच महिन्यांनी तो रविवारी जिना चढून आला. गळ्याला पांढरी पट्टी, हातात शंभर पानी वही. बहिणीनं त्याच्यासाठी बाकावर उशी ठेवली होती, ती त्यानं उचलून तिच्याच डोक्यावर ठेवली. खेळ सुरू झाला. भुयाराच्या तोंडाशी काहीतरी गुरगुरत होतं. त्यानं वहीत लिहिलं, आगीचा मंत्र, आणि खाली त्या मंत्राचे त्यानंच बनवलेले अगम्य शब्द. वही माझ्याकडं सरकवली.

मी वाचून दाखवलं. त्यानं बाकावर थाप मारली आणि वही ओढून लिहिलं, "ऐकू नाही आलं." मी पुन्हा वाचलं, जरा वर. त्यानं हातानं खूण केली, अजून. खाली दुकानात गिऱ्हाईक होतं, समोरच्या खिडकीत कोणी बाई धान्य निवडत बसली होती, आणि मला जन्मभर लोकांची भीती. मी उभा राहिलो, हात वर केला आणि त्याचे शब्द मला जमेल तेवढ्या मोठ्यानं पुकारले. माझा आवाज मधेच फाटला. कंपाउंडर भिंतीकडं बघत होता, बहीण डोळे पुसत होती.

मित्रानं मान तिरकी करून ऐकलं, थोडा वेळ विचार केला आणि वहीत लिहिलं, "चालंल. पुढच्या रविवारी अजून मोठ्यानं."